घरात जंतुनाशक कधी, कुठे आणि किती: क्रमवार मार्गदर्शन

घर फिनेलच्या वासाने घमघमलं की ते निरोगी झालं, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. म्हणून लादीवर रोज फिनेल पडतं, आंघोळीच्या बादलीत अँटिसेप्टिकची टोपणं ओतली जातात. त्याच घरात ओट्यावरचं फडकं मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत ओलंचिंब सिंकच्या कडेला पडलेलं असतं. त्यानेच मघाशी मासळीचं पाणी टिपलेलं असतं, मग त्यानेच गॅस पुसला जातो, आणि जेवायच्या वेळी त्यानेच ताटं.

कामाचं आधी सांगते. निरोगी माणसांच्या घरात रोजच्यासाठी साबण, पाणी, घासणं आणि कोरडं करणं एवढं पुरतं. पिण्याच्या पाण्याचा अपवाद सोडला तर जंतुनाशक लागतं ते मोजक्या प्रसंगी: कुणाला उलट्या-जुलाब झाले, घरात संसर्गाचा रुग्ण आहे, कुणाची प्रतिकारशक्ती फार कमी झाली आहे, किंवा पुराचं वा गटाराचं पाणी घरात शिरलं आहे. कच्च्या मांसाच्या जागीही ते कधीकधी उपयोगी पडतं. त्या प्रसंगी मात्र ते मापून, क्रमाने आणि पुरेसा वेळ ठेवून वापरावं लागतं. आपलं नेमकं उलटं होतं. रोज उगीचच शिंपडतो आणि गरज असते तेव्हा घाईघाईत पुसून मोकळे होतो.

## आधी वाटा ओळखा

जंतू घरात कुठे कुठे आहेत हे शोधत बसू नका, ते सगळीकडे असतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. ते तोंडापर्यंत कोणत्या वाटेने पोचतात ते बघा. वाटा मोजक्याच आहेत: हात, पिण्याचं पाणी, कच्चं मांस-मासळी, ओलं फडकं, संडास आणि आजारी माणूस. सर्दी-फ्लूसारखे आजार हवेतून येतात, त्यांची वाट वेगळी. लादी या यादीत फार खाली आहे. आपण मांडी घालून खाली बसून जेवलो तरी जेवतो ताटात. रांगतं मूल घरात असेल तर लादीला महत्त्व येतं, आणि तेव्हा तर तिच्यावर रसायन कमीत कमी हवं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलियन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे बहुतेकदा एखाद्या संसर्गानंतर होणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबाचा विषाणू सापडले. लोकांना सांगितलं गेलं ते पाणी उकळून प्या आणि चिकन नीट शिजवा. हे जंतू पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या अन्नातून येतात, तिथे लादीवरच्या फिनेलचा काही उपयोग नव्हता. पावसाळ्यातला गॅस्ट्रो, टायफॉईड आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ यांचीही गोष्ट हीच.

## तयारी: काय आणायचं, काय नाही

एकदाच जमवून ठेवायच्या वस्तू अशा:

- अंगाचा साधा साबण आणि भांड्यांचा साबण किंवा लिक्विड.
- जुन्या सुती बनियनची किंवा चादरीची फडकी, भरपूर. ओट्याची वेगळी, बाथरूमची वेगळी. रंगच वेगळे ठेवा, म्हणजे घरकामाला येणाऱ्या ताईंनाही सांगत बसावं लागत नाही.
- ब्लीचची एक बाटली, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. रंग आणि सुवास नसलेलं, साधं.
- औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण. अंदाजाने ओतणं बंद करायचं आहे, म्हणून ही छोटी वस्तू फार मोलाची.
- रबरी हातमोजे, दोन जोड. एक जोड ताईंसाठी. दिवसभर चार-पाच घरांचं फिनेल आणि ॲसिड हातावर झेलणाऱ्या बाईची त्वचा फाटते, ते टाळणं आपल्या हातात आहे.
- फक्त या कामासाठी प्लॅस्टिकची एक बादली आणि मग, खूण करून.

अँटीबॅक्टेरियल साबणावर जास्तीचे पैसे घालू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक अशा साबणांतून काढायला लावले. ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं. भाजी धुवायची वेगळी बाटली, खोलीत मारायचे स्प्रे, यांचीही गरज नाही. आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक घालायची सवय असेल तर तीही सोडा. निरोगी त्वचेला त्याचा फायदा नाही, उलट कोरडेपणा आणि खाज येऊ शकते, लहान बाळांना तर जास्तच.

तपासा: ब्लीचच्या बाटलीवर टक्केवारी आणि उत्पादनाची तारीख आहे का? ब्लीच उन्हाने, उष्णतेने आणि वेळेने कमजोर होतं. सहा महिन्यांहून जुनी बाटली असेल तर भरवसा धरू नका. दारावर येणारं सुटं फिनेल किंवा ॲसिड घेऊ नका. त्यावर ना घटक लिहिलेले असतात ना प्रमाण, आणि बहुतेकदा ते कोल्ड्रिंकच्याच बाटलीत असतं.

## ब्लीचची तीन मापं

बाटलीवर ४ टक्के लिहिलं आहे असं धरून:

- हलकं द्रावण: एक लिटर पाण्यात ५ मिली. मांस कापलेला पाट, ओटा, बाळाची प्लॅस्टिकची खेळणी.
- मध्यम द्रावण: एक लिटर पाण्यात २५ मिली. आजारी माणसाचं संडास-बाथरूम, नळ, कड्या, फ्लशचं बटण.
- कडक द्रावण: १२५ मिली ब्लीच आणि त्यात पाणी घालून एक लिटर. उलटी किंवा जुलाब सांडलेली जागा.

बाटली ५ टक्क्यांची असेल तर हीच मापं ४, २० आणि १०० मिली.

गावाकडे द्रव ब्लीच मिळत नसेल तर टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर चालते. ताज्या पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतं. लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम घातली की कडक द्रावण आणि ३ ग्रॅम घातली की मध्यम. ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणी वापरा. पुडी उघडी राहून दमट झाली असेल, वास उडाला असेल, तर ती निकामी समजा.

द्रावण थंड पाण्यात करा, गरम पाण्यात नाही. रोजचं रोज नवीन करा, उरलेलं दुसऱ्या दिवशी धरू नका.

इशारा: ब्लीच फक्त पाण्यातच मिसळायचं. संडास साफ करायच्या लिक्विडमध्ये आणि टाइल्सच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर आणि लिंबानेही तेच होतं. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरने किंवा साचलेल्या लघवीने दुसरे त्रासदायक वायू तयार होतात. आपली बाथरूम छोटी, वर एक जाळीची खिडकी, दार आतून लावलेलं. अशा जागी दोन घोट वायूही छातीला पुरेसा होतो.

## टप्पा १: हात

घरातला सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि तो फुकट आहे. संडासहून आल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी, जेवण्याआधी, कच्च्या मांसाला किंवा बाळाच्या शीला हात लागल्यावर आणि बाहेरून घरात आल्यावर. एवढ्या वेळा साबणाने किमान २० सेकंद.

हात आधी ओले, मग साबण, मग तळवे, पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या टोकांशी घासणं, मग वाहत्या पाण्यात धुणं, मग कोरडं करणं. शेवटची पायरीच नेमकी गळते. ओल्या हाताला जंतू जास्त चिकटतात आणि ओल्या हाताने ते पुढेही जास्त पसरतात. सिंकजवळचा नॅपकिन रोज बदला. घरात कुणी आजारी असेल तर त्याचा वेगळा.

साबणाची वडी चालते, लिक्विडच हवं असं नाही. वडी पाण्यात लोळत ठेवू नका, खाली भोकं असलेल्या साबणदाणीत ठेवा. सॅनिटायझर प्रवासात आणि दवाखान्यात उपयोगी, पण त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के असावं. मळलेल्या, तेलकट हातांवर ते नीट चालत नाही. आणि उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसपुढे ते फारच कमी पडतं. घरात गॅस्ट्रो असेल तर साबण-पाणीच.

## टप्पा २: पाणी

पिण्याचं पाणी हा जंतुनाशकाचा रोजचा आणि रास्त उपयोग. पावसाळ्यात, टँकरचं पाणी येत असेल तेव्हा किंवा पाण्याला रंग-वास आला तर पाणी गाळा आणि खळखळून उकळी येऊ द्या. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. त्याच भांड्यात झाकून निवू द्या. उकळलेलं पाणी न धुतलेल्या माठात ओतलं तर मेहनत वाया.

उकळणं जमत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारं मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात घालायचं क्लोरीनचं द्रावण, वापरा. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाळा आणि मग अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. माठातून पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा माठाला नळ बसवून घ्या. पेला बुडवला की चार बोटंही बुडतात.

विहिरीला किंवा टाकीला ब्लीचिंग पावडर घालायची असेल तर सर्वसाधारण प्रमाण १,००० लिटरला २.५ ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवून, निवळू देऊन वरचं पाणी सोडा. निदान अर्धा तास, शक्यतो तासभर वापर बंद. सोसायटीची जमिनीखालची टाकी धुवायला कुणालाही एकट्याने आत उतरू देऊ नका. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो.

## टप्पा ३: ओटा, सिंक आणि ते फडकं

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक घरांची खरी गफलत इथेच असते.

चिकन आणि मासे. चिकन नळाखाली धुतलं की थेंब उडतात ते ओट्यावर, कोथिंबिरीवर, पालथ्या घातलेल्या वाट्यांवर. धुतल्याने चिकनमधले जंतू मरत नाहीत, फक्त पांगतात. मरतात ते शिजवताना. रक्त काढायचंच असेल तर खोल पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने खंगाळा, पाणी सावकाश सिंकमध्ये सोडा. मासे साफ करावे लागतात, खवलं-आतडी काढावी लागतात, तिथे पर्याय नाही. ते काम शक्यतो बाजारातच करून घ्या, घरी केलंत तर सिंकच्या आत करा. क्रम असा:

१. आधी कोशिंबीर, चटणी, फळं, जे कच्चं खायचं आहे ते सगळं चिरून झाकून ठेवा. भांड्यांचं जाळं, पाण्याची बाटली बाजूला करा.

२. मग मांस-मासळी हाताळा. नळ मधेच उघडावा लागला तर कोपराने उघडा, म्हणजे तोटी माखत नाही.

३. मांस भांड्यात गेलं की आधी हात साबणाने धुवा. मसाल्याचा डबा त्यानंतर उघडा. मिसळणाच्या डब्याच्या झाकणावर तसाच हात लागणं ही रोजची चूक आहे.

४. विळी, सुरी, पाट आणि सिंक साबणाने घासा, धुवा.

५. आता हवं तर पाटावर उकळतं पाणी ओता. किंवा हलकं ब्लीच द्रावण लावून काही मिनिटं ठेवा, धुवा आणि उभा करून सुकवा. साबणाने नीट घासलं असेल तर बहुतेक घरांना ही पायरी ऐच्छिक आहे. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चाललेलं माणूस असेल तर ती चुकवू नका.

लाकडी पाटाला खोल चिरा पडल्या असतील तर तो बदला. चिरेत घासणीचे दात पोचत नाहीत.

फडकं. ओट्यावरचं फडकं हातात घेऊन बघा. धरलं की गुळगुळीत लागतं, पिळलं की पाणी किंचित मळकट येतं, नाकाशी नेलं की आंबूस दर्प येतो. तो बुळबुळीतपणा जंतूंच्या थराचा आहे. अशा फडक्याने ओटा पुसला की दिसायला लख्ख होतो आणि होता त्यापेक्षा घाण होतो. वर जंतुनाशक मारून हे सुधारत नाही. उपाय म्हणजे फडकी वाढवणं आणि वाळवणं. सकाळ-संध्याकाळ वेगळं फडकं, वापरून झालं की साबणाने धुवून दोरीवर पसरून. चुरगळून नळावर अडकवलं की मधल्या घड्या वाळतच नाहीत. आठवड्यातून एकदा सगळी फडकी जुन्या पातेल्यात साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि उन्हात घाला. मांसाचं पाणी टिपलेलं फडकं तर पुन्हा ओट्यावर आणूच नका, सरळ उकळायला टाका. पावसाळ्यात काहीच वाळत नाही, तेव्हा इस्त्री फिरवा किंवा पंख्याखाली घाला.

घासणी. स्पंजची असेल तर वापरून झाल्यावर पिळून उभी ठेवा, साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. जर्मनीत २०१७ मध्ये वापरलेल्या स्पंजांची तपासणी झाली तेव्हा आतल्या भोकांत जिवाणूंची दाट वस्ती सापडली होती. स्पंजपेक्षा काथ्याची किंवा तारेची घासणी लवकर वाळते. वास आला की टाकून द्या.

भाजी-फळं. वाहत्या पाण्यात चोळून धुवा. पालेभाजी भरपूर पाण्यात दोन-तीनदा, माती खाली बसेपर्यंत. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने अळ्या निघतात, तेवढ्यापुरतं ठीक. भाजीवर साबण, फिनेल, अँटिसेप्टिक, जंतुनाशक लिक्विड यांतलं काहीही घालू नका. ते सालीत मुरतं आणि पोटात जातं. कोविडच्या काळात लागलेली ही सवय काही घरांत अजून आहे.

तपासा: रात्री झोपताना ओटा आणि सिंक कोरडे आहेत का? कोरड्या जागी बहुतेक जिवाणू वाढत नाहीत. कोरडा ओटा असेल तर रात्री त्यावर काही शिंपडायची गरज नाही.

## टप्पा ४: लादी आणि बाथरूम

लादी पुसायचा क्रम चुकला की सगळंच चुकतं. आधी केर नीट काढा. मग बादलीत थोडं साबणाचं पाणी. आतल्या खोलीपासून दाराकडे या. पाणी राखाडी झालं की फेका, दुसरं घ्या. तिसऱ्या खोलीपर्यंत तेच काळं पाणी नेलं तर पहिल्या खोलीची घाण तिसरीत पसरते, बादलीत फिनेल असो वा नसो. मळ असला की जंतुनाशकाचा जोर मळावरच जातो. शेवटी पोछा साबणाने धुवा आणि उन्हात उलटा उभा करा. बादलीत बुडवून ठेवलेला पोछा म्हणजे उद्याची घाण आजच भिजत घालणं.

फिनेल घालायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, बाटलीवरच्या प्रमाणात. लादीच्या बऱ्याच लिक्विडमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. त्यात कपड्यांची पावडर मिसळली की दोघांचा परिणाम मारला जातो, तेव्हा एका वेळी एकच. काळ्या फिनेलमध्ये फिनॉलच्या जातीची रसायनं असतात, मांजरांना ती फार बाधतात. मांजर ओल्या लादीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर साबणाचं पाणी आणि त्यावर साध्या पाण्याचा एक हात एवढंच ठेवा.

बाथरूममध्ये वरून खाली आणि स्वच्छाकडून घाणीकडे: आरसा, नळ, बेसिन, बादल्या, मग लादी, शेवटी संडास. बाथरूमचं फडकं तिथेच राहील. संडासात लिक्विड सोडून बाटलीवर लिहिलेला वेळ ठेवा, मग घासा. ओतलं, लगेच घासलं, फ्लश केलं, यात ते नुसतं वाहून जातं. झाकण असेल तर पाडून फ्लश करा. ॲसिडचं लिक्विड आणि ब्लीच एकाच दिवशी वापरू नका, भरपूर पाणी सोडून झालं असलं तरी.

मोरीची जाळी आठवड्यातून एकदा उचलून केस आणि साबणाचा थर काढा. वास तिथून येतो, आणि वर फिनेल ओतलं की तो फक्त झाकला जातो.

## टप्पा ५: घरात उलट्या-जुलाब झाले

हा प्रसंग जंतुनाशकाचा. आधी माणसाला सांभाळा: ओआरएस सुरू करा, बाळ किंवा वृद्ध असेल, लघवी कमी झाली असेल किंवा शौचात रक्त असेल तर डॉक्टर. मग जागा.

१. मुलांना आणि बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा. खिडकी उघडा, पंखा बंद करा. हातमोजे आणि मास्क घाला, उलटीचे बारीक तुषार श्वासातून तोंडात जातात.

२. जुनी वर्तमानपत्रं किंवा टिश्यू वर टाकून सगळं शोषून घ्या. कडेकडून मध्याकडे गोळा करा. केरसुणीने पसरवू नका. दोन पिशव्यांत घालून गाठ मारा.

३. साबण-पाण्याने जागा घासा आणि पुसा. ही पायरी गाळली तर पुढची निरुपयोगी होते.

४. आता कडक ब्लीच द्रावण. सांडलेल्या जागेपेक्षा दोन हात जास्त भाग धरा, तुषार लांब उडतात. दहा मिनिटं जागा ओली राहिली पाहिजे. लवकर वाळली तर पुन्हा लावा. घड्याळ लावून ठेवा, अंदाजाने दोन मिनिटंच दहा वाटतात.

५. साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा.

६. हातमोजे उलटे करून काढा, हात साबणाने धुवा.

सतरंजी, गादी, रंगीत कपडे यांवर ब्लीच नको, डाग पडतात. कपडे झटकू नका. झटकले की जंतू हवेत उडतात. बाकीच्या कपड्यांपासून वेगळे, कापडाला झेपेल तितक्या गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. गादीचा डाग साबणाने काढून दोन-तीन दिवस ऊन दाखवा.

आजारी माणसाचा पेला, ताट, टॉवेल वेगळा. दोन संडास असतील तर एक त्याला द्या. एकच असेल तर प्रत्येक वापरानंतर बसायची जागा, फ्लश, नळ, मग आणि कडी मध्यम द्रावणाने पुसा. घरातल्यांच्या हातांचं वेळापत्रक कडक करा. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास त्या माणसाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये. घरातली बाईच आजारी असली तरी हा नियम तितकाच लागू आहे, किंबहुना तिथेच तो मोडला जातो. ती उठून पोळ्या लाटायला लागते आणि दोन दिवसांनी मुलं आजारी पडतात. पोळ्या बाहेरून मागवा, किंवा दुसऱ्या कुणी खिचडी टाका.

## टप्पा ६: सर्दी, फ्लू, कोविड

इथे पुसापुशीचा वाटा लहान आहे. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं होतं की विषाणू लागलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लावण्यातून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये एकाहून कमी. म्हणून आधी खिडक्या समोरासमोर उघडा, रुग्णाची खोली वेगळी करा, त्याला मास्क द्या, हात धुवा. कड्या, रिमोट, मोबाइल दिवसातून एकदा पुसले की झालं. मोबाइलला ७० टक्के अल्कोहोलचं ओलसर फडकं, थेट शिंपडू नका.

माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारणं कधीच नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याविरुद्ध स्पष्ट सूचना दिली होती, कारण त्याने विषाणू जात नाही आणि डोळे, त्वचा, छातीला इजा होते.

## पुराचं पाणी घरात आलं तर

आधी वीज बंद, गमबूट आणि हातमोजे. मग चिखल काढा, मग साबणाने भिंती आणि लादी घासा, मग मध्यम ते कडक द्रावण दहा मिनिटं, मग धुणं, मग दारं-खिडक्या उघडून वाळवणं. ओल्या चिखलावर ब्लीचिंग पावडर भुरभुरून काही साधत नाही, पावडर चिखलातच संपते. भिजलेलं पीठ, उघडी औषधं, स्पंजच्या गाद्या टाकाव्या लागतील. मन घट्ट करून टाका. पायाला जखम असेल आणि पुराच्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोस्पायरोसिससाठी, म्हणजे उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापासाठी, डॉक्टरांना त्याच दिवशी भेटा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती.

## साठवण आणि अपघात

बाटल्या मूळ वेष्टनात, वरच्या कपाटात, कुलपात. सिंकखालची जागा रांगत्या मुलाच्या हाताच्या उंचीवर असते, तिथे काही नको. ब्लीच आणि ॲसिड एकाच खणात ठेवू नका, एक गळलं तर दुसऱ्याला भेटतं.

ब्लीच आणि ॲसिड मिसळलंच, डोळे चुरचुरले, खोकला सुटला, तर पाणी ओतत तिथेच थांबून राहू नका. श्वास रोखून बाहेर पडा, दार उघडं टाका, मोकळ्या हवेत बसा. धाप लागत असेल तर लगेच १०८. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी दिवसभर लक्ष ठेवा, फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा उघडा धरून धुवा, मग डॉक्टर. मुलाने घोट घेतला तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. फिनेल उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर ते पोटात असण्यापेक्षा घातक, आणि ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. तोंड पुसा आणि रुग्णालय गाठा. बाटली बरोबर न्या, आत काय होतं हे डॉक्टरांना लेबलवरून कळतं.